‘हो’ म्हणायला बंदी

मला हात दिला तो तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका मॅडमनी. त्यांचं माहेर पहूरजवळच्या खेड्यात, सासर धुळ्यात, आणि नोकरीसाठी जळगावात भाड्याची एक खोली. हे आधी सांगते, कारण आमच्या घरात बाप कुठलीही गोष्ट सांगायला बसला की आधी कोण धावून आलं ते सांगतो, मग काय झालं ते. आमचा बैल दरीत पडला होता, ती गोष्टसुद्धा तो ‘वरच्या पाड्यातले दोघे भाऊ दोर घेऊन आले’ इथून सुरू करतो. बैल मेला हे सगळ्यात शेवटी येतं. माझंही बहुतेक तसंच होणार.

आमचा पाडा शिरपूरच्या वर, सातपुड्यात, महाराष्ट्र संपतो तिथे. घरात आम्ही पावरी बोलतो. मी आश्रमशाळेत आठवीपर्यंत होते. आठवीत होळीला घरी गेले आणि परत गेलेच नाही. काही मोठं घडलं होतं असं नाही. होळीआधी आमच्याकडे भोंगऱ्याचा बाजार भरतो, ढोल वाजतात, सगळी मुलं घरी येतात, आणि सुट्टी संपली की शाळेकडे जाणारी जीप अर्धी रिकामी जाते. गुरुजी चौकशीला आले, बापाने त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, “पाठवतो” म्हणाला. गुरुजींनाही ठाऊक होतं, बापालाही ठाऊक होतं. मला धडा वाचता येत होता, पण वाचलेलं कळत नव्हतं. जे कळतच नाही ते सोडताना वाईट वाटत नाही, एवढंच तेव्हा वाटलं.

पुढे चोपड्याकडे केळीच्या बागांत काम केलं. मग भाऊ जळगावला आला, त्याच्या मागे मी. एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात लागले. मशिनच्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून तिथे माझं बरं चाललं होतं. शेजारच्या मशिनवरच्या बाईने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की मुक्त विद्यापीठात दहावी नसली तरी चालतं. एक पूर्वपरीक्षा द्यायची, मग बी.ए. करता येतं. मला ते खोटं वाटलं. पण पूर्वपरीक्षेत नुसते गोल काळे करायचे होते. काही येत होते, काही देवाच्या भरवशावर केले. पास झाले. बी.ए.ला नाव लागलं त्या दिवशी भावाने कारखान्याच्या गेटवर सगळ्यांना भजी खाऊ घातली.

मराठीच्या पेपरला मी नापास झाले. एकदा नाही, दोनदा.

का नापास झाले ते मला कुणी सांगितलं नसतं, तर मी अजून नापासच होत राहिले असते. प्रश्नात लिहिलेलं असायचं, ‘थोडक्यात स्पष्ट करा.’ आश्रमशाळेत गुरुजी म्हणायचे, “अक्षर स्पष्ट काढा.” म्हणून मी प्रश्नातलं वाक्य उत्तरपत्रिकेत पुन्हा एकदा लिहायची, मोठ्या, गोल, सुबक अक्षरात. थोडक्यात म्हटलंय म्हणून एकदाच. असं अख्ख्या पेपरभर केलं होतं. वेळ उरला म्हणून खाली रेघाही मारल्या होत्या. बाहेर आल्यावर भावाला म्हटलं, सोपा होता.

ज्या कॉलेजात आमचं अभ्यासकेंद्र होतं, तिथेच आदिवासी मुलांसाठी जादा शिकवणीचा एक वर्ग होता. वसतिगृहातली, रोज कॉलेजला येणारी मुलं त्यात असायची, आणि आमच्यासारखी बाहेरून परीक्षा देणारीही बसू शकत होती. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर केंद्रातल्या कारकुनाने मला तिकडे पिटाळलं. “जा, त्या मॅडमकडे जा. त्यांना तुमच्याच लोकांसाठी नेमलंय,” असं म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला की कंटाळून, ते कळलं नाही. भाऊ मात्र सरळ बोलला होता. “उन्हाळ्यातल्या परीक्षेत सुटलीस तर पुढे शीक. नाही तर माझ्यासोबत घरी चल. बाप किती वर्षं वाट बघणार?” घरी चल म्हणजे लग्न, आणि मग चोपड्याच्याच बागा. त्यामुळे त्या वर्गात पाऊल टाकताना माझ्याकडे एक परीक्षा उरली होती, आणि ती पास कशी व्हायची याची काही कल्पना नव्हती.

पहिल्या दिवशी मॅडमनी एक परिच्छेद वाचला आणि फळ्याकडे तोंड करून विचारलं, “समजलं का?”

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, “हो.”

मॅडम वळल्या. “कुणाला समजलं?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

“मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “मलाच हा परिच्छेद नीट समजलेला नाही, तुम्हाला कसा समजला?”

कुणीतरी फिसकन हसलं. मग त्यांनी नियम सांगितला. या वर्गात ‘हो’ म्हणायला बंदी. जो हो म्हणेल त्याने उभं राहून अख्खा परिच्छेद बाकीच्यांना पावरीत, भिलीत, ज्याच्या त्याच्या भाषेत समजावून द्यायचा. आणि त्याही ‘समजलं का’ असं विचारणार नाहीत. त्या विचारतील, “कुठे अडलं?”

हे ऐकायला सोपं वाटतं. आम्हाला तो नियम पाळायला पावसाळा जाऊन हिवाळा लागला. आमच्याकडे मोठं माणूस काही सांगत असताना ‘कळलं नाही’ म्हटलं तर त्याला सांगता आलं नाही असा अर्थ होतो. समोरच्याला खाली पाहायला लावायचं नसतं. आमचा ‘हो’ म्हणजे समजलं नव्हे. आमचा ‘हो’ म्हणजे ऐकू आलं, तुम्ही मोठे आहात, पुढे चला. पहिलीपासून कॉलेजपर्यंत सगळे गुरुजी तेवढ्यावर पुढे चालत गेले होते आणि आम्ही जिथल्या तिथे उभे होतो.

नियम पहिल्यांदा मोडला, म्हणजे खरं तर पाळला, तो धडगावकडच्या एका मुलाने. वसतिगृहात राहायचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता, काटकुळा, बोलायला लागला की एका पायावर उभा राहायचा. मॅडमनी विचारलं, “कुठे अडलं?” तो म्हणाला, “विवेचनला.”

“काय वाटलं तुला विवेचन म्हणजे?”

“काहीतरी वेचायचं असेल. कापूस वेचतो तसं. म्हणून मी प्रश्नातले चांगले चांगले शब्द वेचून उत्तरात टाकले.”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांना हसू दाबावं लागलं ते दिसलं. “निदान तू काहीतरी वेचलंस तरी,” त्या म्हणाल्या. “ह्या बाकीच्यांनी बांधावरूनच शेत बघितलंय.”

तेव्हा मी हात वर केला आणि ‘स्पष्ट करा’चं सांगितलं. मोठी अक्षरं, रेघा, सगळं. सांगताना माझे कान तापले होते. आता सगळे हसतील म्हणून मी तयारी करून उभी होते. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “मी पण.” मग आणखी एकजण. मॅडम खुर्चीत बसल्या आणि एक जुनी प्रश्नपत्रिका पुढ्यात ओढून तिच्यातल्या शब्दांखाली खुणा करायला लागल्या.

त्या दिवसापासून प्रश्नपत्रिकेतले शब्द हाच आमचा अभ्यास झाला. अनुक्रमे, तथापि, पुढीलपैकी, साधक-बाधक. एक शब्द घ्यायचा, तो कुठे ऐकलाय, घरी त्याला काय म्हणतात, परीक्षा घेणाऱ्याच्या मनात काय असतं. एकदा फळ्यावर त्यांनी तीन शब्द लिहिले: से, शे, आहे. “हे तिघे भाऊ,” त्या म्हणाल्या. “एक डोंगरात राहिला, तो तुमचा ‘से’. एक खाली शेतात उतरला, तो खान्देशातला ‘शे’. तिसरा शहरात जाऊन शर्ट इन करायला लागला. रक्त एकच.”

धडगाववाला एका पायावर उभा राहिला. “मग परीक्षेला कोणता भाऊ न्यायचा?”

“शर्ट इनवाला. बाकीच्या दोघांना घरी जेवायला बसव.”

पेपर तपासणारे आमच्या चुकांना अशुद्ध म्हणायचे, मॅडम त्यांना भाऊ म्हणायच्या. पण म्हणून सूट देत नव्हत्या. एक वाक्य चार वेळा लिहून घ्यायच्या. कारखान्यातून थेट गेले की डोळे मिटायचे. त्या खडूचा तुकडा बाकावर टक्कन आपटायच्या. “झोप आली असेल तर खोलीवर जा. इथे झोपलीस तर घरी जाऊन झोपायची वेळ येईल.” हे लागायचं. पण खरं होतं.

कारखान्यातही बोलणी खावी लागायची. आमचा सुपरवायझर अमळनेरकडचा, अहिराणी बोलायचा. मी पाळी बदलून मागितली की कमरेवर हात ठेवायचा. “काय वं, आज बी कॉलेजमा चालनी का? शिकीसन काय कलेक्टर व्हशी? तुन्हं मशीन कोन चलाई?” मी मशिनकडे बघत राहायची. शेजारची बाई माझ्या वतीने ओरडायची, “व्हई कलेक्टर. मंग पहिले तुलेच बदली करी.” तो हसून जायचा आणि पाळी बदलून द्यायचा. कधी द्यायचा नाही.

हिवाळ्यात मॅडमनी आमच्याकडून जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घेतली. मी पहिल्यांदा एका प्रश्नाचं दीड पान उत्तर लिहिलं. वाचून त्या म्हणाल्या, “हे पासाचं उत्तर आहे. फार चांगलं नाही, पण पासाचं आहे.” मला रात्रभर बरं वाटत राहिलं. त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं की वर्गाची तपासणी आहे. वर्ग ज्या अनुदानावर चालतो ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे बघायला वरून लोक येणार होते. मुलांशी थेट बोलणार होते. मॅडमना वर्गात थांबायची परवानगी नव्हती.

“मी काही शिकवून पाठवणार नाही तुम्हाला,” मॅडम म्हणाल्या. “जे आहे ते बोला. कुठे अडतं ते सांगा. एवढंच.”

आम्ही हो म्हणालो. मग आमच्याच लक्षात आलं आणि आम्ही हसलो. त्याही हसल्या.

पाहुणे आले त्या दिवशी वर्ग झाडून ठेवला होता. फळ्यावर रंगीत खडूने ‘सुस्वागतम्’ लिहिलं होतं. प्राचार्यांच्या खोलीतून गादीच्या खुर्च्या आणल्या होत्या. मुलींनी फुलं दिली, मी पाण्याचे ग्लास ठेवले. तिघे जण होते. मधले वयस्कर साहेब फार प्रेमळ होते, हे मी सांगितलंच पाहिजे. ते रागीट असते तर कदाचित बरं झालं असतं. त्यांनी आमच्या गावांची नावं विचारली, एकाला “तुमच्याकडचा मोहाचा वास मला अजून आठवतो” असं म्हणाले. मग पुढे वाकून म्हणाले, “बाळांनो, घाबरू नका. कॉलेजमधलं शिकवलेलं समजतं ना?”

“हो सर.”

तो आवाज मी ओळखला. तो आश्रमशाळेतला आवाज होता, सगळ्यांचा मिळून एक.

“पुस्तकांची भाषा अवघड नाही ना जात?”

“नाही सर.”

“काही अडचण?”

सगळ्यांनी नाही अशा माना हलवल्या. साहेबांनी धडगाववाल्याकडे बोट केलं, कारण तो पहिल्या बाकावर होता. “तू सांग बरं. मोकळेपणाने सांग.”

तो दोन्ही पायांवर उभा राहिला. मला वाटलं आता हा सांगेल. वर्गात रोज भांडणारा हाच, ‘तथापि’वरून तासभर वाद घालणारा हाच. त्याने पाहुण्यांकडे पाहिलं, टेबलावरच्या फुलांकडे पाहिलं, आणि म्हणाला, “सगळं चांगलं से, सर.”

साहेब खळखळून हसले. आम्हीही हसलो. “अरे वा! चांगलं से! सुंदर.” ते शेजारच्याकडे वळले. “बघा, किती आत्मविश्वास आहे. कोण म्हणतं ही मुलं मागे आहेत?”

आम्हाला तेव्हा आनंद झाला. हे मी खरं सांगते. इतक्या मोठ्या माणसाने आम्हाला मागे नाही म्हटलं होतं. आमच्या पाड्यावर कुणी पाहुणा आला आणि “सगळं ठीक ना?” विचारलं, तर घरात पीठ नसलं तरी ठीकच म्हणतात. आलेल्या माणसाला दारातच आपलं दुखणं ऐकवत नाहीत. आम्ही त्यांना पाहुणेच समजलो होतो. ते काय ठरवायला आलेत हे माहीत होतं, तरीही खुर्चीत बसलेला, पाणी प्यायलेला माणूस आमच्यासाठी पाहुणाच होता.

ते गेल्यावर मॅडम आत आल्या. “काय विचारलं?”

“अडचण आहे का विचारलं.”

“मग?”

 मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “नाही म्हटलं.”

मॅडम पहिल्या बाकावर, आमच्या जागेवर बसल्या. फळ्यावरचं सुस्वागतम् बघत राहिल्या. मला वाटलं त्या ओरडतील. त्या फार शांतपणे म्हणाल्या, “मी तुम्हाला माझ्यासमोर बोलायला शिकवलं. त्यांच्यासमोर बोलायला शिकवायचं राहूनच गेलं.”

धडगाववाला म्हणाला, “मी सांगून येऊ का? गाडी अजून गेटवर असेल.”

“नको,” त्या म्हणाल्या. “निघाले असतील ते.”

तरी तो धावला. आम्ही खिडकीतून बघत होतो. तो गेटपर्यंत गेला, गाडीजवळ उभा राहिला, काच खाली झाली, साहेबांनी हात बाहेर काढून त्याच्या खांद्यावर थोपटलं. गाडी गेली. तो परत आल्यावर आम्ही विचारलं, सांगितलंस का? म्हणाला, “त्यांनी शाब्बास म्हटलं. मग कसं सांगू?”

वर्ग त्या सत्रापुरता चालू राहिला असता तरी माझं काम झालं असतं. पण महिनाभरात प्राचार्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं की मुलं समाधानी आहेत, त्यांना वेगळ्या वर्गाची गरज दिसत नाही असं वरचं मत पडलं आहे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, उलट तुमच्या कामाचं यशच आहे, असंही म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी कारखान्यातून गेले तर वर्गाला कुलूप होतं. काही दिवसांनी ते उघडलं, पण आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते. बाकं कुठे गेली ते कळलं नाही.

मॅडम धुळ्याला सासरी परत गेल्या. तिथल्या एका कॉलेजात पुन्हा तासिकेवरच काम मिळालं.

आमचा वर्ग असा विरत गेला की कोण कधी गेलं ते मोजताही आलं नाही. मागच्या बाकावरच्या मुलीने वसतिगृह सोडलं. काहीजण कॉलेजच्या वर्गांना नुसते बसत राहिले. धडगाववाला होळीला घरी गेला. त्याने जाताना सगळ्यांना सांगितलं की परीक्षेला येतो. परीक्षा जवळ आली तेव्हा मी त्याला फोन लावला. मागे मोठ्या यंत्राचा आवाज होता. गुजरातमध्ये ऊसतोडीला गेलेल्या टोळीसोबत होता.

“परीक्षेला येतोस ना?” मी पावरीत विचारलं.

“हो,” तो म्हणाला.

मी पुन्हा विचारलं नाही. फोन ठेवल्यावर सुचलं की विचारायला हवं होतं, कुठे अडलं. पण त्याने सांगितलं असतं तरी त्याला परत आणायला माझ्याकडेही काही नव्हतं.

मी मात्र मॅडमना सोडलं नाही. त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, “धुळ्याला ये. सुट्टीच्या दिवशी ये.” मग कारखान्याची सुट्टी असली की मी जळगावहून एस.टी. धरायची. एरंडोल, पारोळा करत गाडी हायवेने धुळ्याला जायची आणि मी पुस्तक मांडीवर ठेवून सारखी भीत बसायची. गाडी बंद पडली तर? मॅडमना राग आला तर? त्या सासरी राहतात, माझं येणं कुणाला आवडलं नाही तर? त्यांच्या सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणायचे. पहिल्या दिवशी अक्कांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि सुनेला विचारलं, “हाई कोन?”

“माझी विद्यार्थिनी.”

“इतली मोठी?”

“इतली मोठी,” मॅडम म्हणाल्या.

अक्का आत गेल्या. मला वाटलं संपलं. निघताना मात्र त्यांनीच दारात अडवलं. “दोन घास खाईसन जाय, बेटा. परीक्षा काही पयी नही जाई राह्यनी.” परीक्षा कुठे पळून चालली नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्या माझ्यासाठी भाकरी ठेवायला लागल्या. मॅडमची लहान मुलगी शेजारी बसून माझ्या वहीत मोर काढायची आणि विचारायची, “आई, ही रोज नापास होते का?”

“होते,” मॅडम म्हणायच्या. “म्हणून रोज येते.”

मॅडमची तब्येत त्या वेळी बरी नव्हती. कॉलेजात त्यांना मिळत होते ते तास कमी झाले होते. शिकवताना मध्येच त्या थांबायच्या, खिडकीकडे बघायच्या. मी विचारायची नाही. एकदा त्याच म्हणाल्या, “मला वाटायचं, तुम्ही सगळे एकदा बोलायला लागलात की थांबणार नाही. केवढा मूर्खपणा.” मी म्हटलं, “मी बोलते ना.” त्यांनी मान हलवली. “तू बोलतेस. तू एकटी.”

परीक्षेच्या दिवशी जळगावात ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. प्रश्नपत्रिका हातात आली. मी आधी उत्तरं आठवत बसले नाही, प्रश्नांची शेवटची क्रियापदं बघितली. विवेचन करा, आढावा घ्या, स्पष्ट करा. सगळे शब्द ओळखीचे निघाले. शेजारच्या बाकावर धडगाववाल्यासारखाच एक काटकुळा मुलगा मोठ्या, सुबक अक्षरात प्रश्न उतरवून काढत होता. पर्यवेक्षक फिरत होते. मला बोलता येत नव्हतं. तो रेघ मारायला लागला तेव्हा मी मान वळवली आणि माझं उत्तर लिहीत राहिले.

मी पास झाले. काठावर, पण झाले. भावाने बापाला फोन करून कळवलं, बापाने टेकडीवरून, जिथे रेंज येते तिथून, मला एवढंच विचारलं, “मग आता घरी नाही येणार?” मी म्हटलं, “आत्ता नाही.”  तो म्हणाला, “बरं.” त्या बरं-चा अर्थ, अजून वाट बघतो असा, मला लावता आला, म्हणून मी रडले.

निकाल घेऊन मी धुळ्याला गेले तेव्हा मॅडम घरी नव्हत्या. त्यांची तासिकाही गेली होती. मुलं कमी झाली म्हणून विषयच बंद झाला होता. अक्कांनी मला रिक्षात बसवून दिलं. मोठ्या सरकारी दवाखान्यासमोर मॅडमच्या दिरांचं झेरॉक्सचं दुकान आहे. मॅडम तिथे काउंटरवर होत्या. आधार कार्डांच्या झेरॉक्स काढत होत्या, लोकांचे अर्ज भरून देत होत्या. मला बघून त्यांनी हात पुसला आणि निकालपत्र दोन्ही हातांनी घेतलं. “चला,” त्या म्हणाल्या, “एक तरी.” मग लगेच, “एक तरी म्हणजे पहिली, असं म्हणायचं होतं.”

त्याच वेळी दुकानात डोंगरातली एक म्हातारी आणि तिचा मुलगा आले. सून दवाखान्यात होती, कुठलातरी कागद पाहिजे होता. मॅडम त्यांना सावकाश सांगत होत्या, कुठल्या खिडकीवर जायचं, काय दाखवायचं. म्हातारी हो हो करत होती. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले आणि पावरीत विचारलं. म्हातारीला काहीच कळलं नव्हतं. ती सकाळपासून चुकीच्या रांगेत उभी होती.

ती दोघं गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “रोज येतात असे. ह्यांना कळलेलं नाही एवढं मला कळतं. पण पुढे कसं विचारायचं ते येत नाही. इतके महिने तुम्हाला शिकवलं, तुमची चार वाक्यं शिकून घेतली नाहीत मी.” आणि मग, गंमत केल्यासारखं, “तू शिकवशील का मला?”

मी तेव्हा परतीच्या गाडीच्या घाईत होते, दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती. नुसतीच मान डोलावली आणि स्टँडकडे निघाले. तिसरं वर्ष अजून बाकी आहे, कारखाना आहे, घरून बोलावणं कधी येईल त्याचा भरवसा नाही. म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे मला टाळता येणार नाही. मॅडम, मी तुम्हाला पावरी शिकवीन. दवाखान्यात लागते ती आधी: दुखतंय कुठे, कुणासोबत आलात, रात्री कुठे झोपलात. मग आमच्या पाड्यावर नेईन आणि बाकीची शिकवीन. किती दिवस लागतील ते माहीत नाही, पण तुमचं हे देणं मी फेडणार आहे.